सतरावी ओळ : ऑफिसच्या मेलमधून वाढत गेलेल्या ओढीचं एक प्रकरण

हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेलं आहे. यातली माणसं, मेल आणि मेलचे आकडे खऱ्या कुणाचे नाहीत. संशोधनाचे, न्यायालयाचे आणि कंपन्यांचे जे संदर्भ मध्ये येतात, ते मात्र खरे आहेत.

कोण, कुठे, कशासाठी

एकच कंपनी, दोन विभाग. तो नियोजनात, ती लेखा विभागात. इमारती वेगळ्या, त्यामुळे समोरासमोर गाठ पडते ती महिन्यातून एखाद्या बैठकीत. दोघांचे हुद्दे साधारण सारखे, वरिष्ठ वेगळे, कुणी कुणाचं मूल्यमापन करत नाही. दोघंही एकटे आहेत आणि तसं दोघांच्याही बोलण्यातून सहज आलेलं आहे. कागदावर बघितलं तर अडचण काहीच नाही.

पण दर महिन्याच्या २८ तारखेला तो खर्चाची शीट पाठवतो, आणि ती हातात आल्याशिवाय तिला महिन्याचे हिशेब बंद करता येत नाहीत. शीट दोन तास लांबली की तिचा घरी जायचा वेळही दोन तास लांबतो. कंपनीच्या तक्त्यात ही रेघ कुठेही काढलेली नसते. ‘आमच्यात वरिष्ठ-कनिष्ठ असं काही नाही’ असं तो स्वतःला सांगत होता, ते खरंच होतं. फक्त तिला त्याच्याशी तुटकपणे वागणं परवडणारं नव्हतं, एवढं त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

पहिले पाच आठवडे

सुरुवात कामातून झाली. तिचा मेल होता: ‘तुमच्या शीटमध्ये सतराव्या ओळीत बेरीज घसरली आहे. बाकी सगळं जागेवर. धन्यवाद.’

त्याचं उत्तर: ‘घसरली नाही, महिनाअखेर बघून चक्कर येऊन पडली. उचलून उभी केली आहे. सुधारित फाइल जोडली आहे.’

तिचं उत्तर: ‘पाणी मारल्याबद्दल आभार.’

इथपर्यंत सगळं उत्तम. त्याच्या गमतीत काम अडकलेलं नाही, फाइल त्याच मेलमध्ये आहे. तिनं गंमत उचलून एक पायरी वर नेली, तीही तीन शब्दांत. पुढच्या पाच आठवड्यांत दोघांमध्ये २४ मेल झाले. त्याचे १३, तिचे ११. नवे विषय नऊ निघाले, त्यातले चार तिनं काढलेले. तिच्या सहा मेलच्या शेवटी प्रश्न होता, आणि तो कामाचा नव्हता: ‘त्या डोंगराचं पुढे काय झालं? चढलात की बैठकीनं गिळला रविवार?’ तिच्या मांजरानं कीबोर्डवर बसून पाठवलेला एक अर्धवट मेल, त्यावर दोघांची दोन दिवस चाललेली थट्टा. त्याचा मेल सरासरी ३८ शब्दांचा, तिचा ३४.

हे आकडे ऐकायला कोरडे वाटतील. ओढ वाटणाऱ्या माणसानं मेल मोजत बसावं हे विचित्रही आहे. तरी मोजावेच, कारण पुढे काय बदललं ते मनाला उशिरा कळतं आणि मोजणीत लगेच दिसतं.

सहावा ते आठवा आठवडा

सहाव्या आठवड्यात त्यानं तीन गोष्टी बदलल्या. आपण काही बदललं आहे असं त्याला वाटलंसुद्धा नाही.

पहिली, ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. ‘तो लेख वाचलास का?’ असा त्याचा मेल गेला. तिचं उत्तर आलं, ‘नाही अजून. तुमची शीट आज येईल ना?’ मराठीत मेल लिहिणाऱ्याला मिळणारी ही सर्वांत स्वच्छ खूण आहे. एकानं ‘तू’ म्हटल्यावर दुसऱ्यानं ‘तू’ म्हणायचं की नाही, हे प्रत्येक क्रियापदाला ठरवावं लागतं. ते टाळायचं तर वाक्यच वळवून लिहावं लागतं. तिनं ‘तुम्ही’ धरून ठेवलं. सातव्या आठवड्यात तर तिनं दोन्ही सोडून दिलं: ‘शीट २८ पर्यंत मिळावी.’ ‘बैठकीची वेळ कळावी.’ ‘मिळावी’, ‘कळावी’, ‘करता येईल का’ या रूपांत समोरचा माणूस वाक्यातून नाहीसाच होतो. कालपर्यंत डोंगराची चौकशी करणारी व्यक्ती अचानक सरकारी पत्रासारखी लिहायला लागली, तर ती कामात बुडालेली असेल, असंही होऊ शकतं. पण ती दार हळूच लोटून घेत असण्याची शक्यता जास्त.

दुसरी, मेल रात्री जाऊ लागले. ११:४० ला त्याचा मेल, सकाळी ९:५० ला तिचं उत्तर, तेही कामाच्या जुन्या मेलला जोडून.

तिसरी, दिसण्यावरचा पहिला शेरा. मासिक बैठकीनंतर त्यानं लिहिलं, ‘आजचा निळा रंग तुला फार शोभून दिसत होता. आणि हो, वाहतूक खर्चाचा तक्ता जोडलाय.’ तिनं उत्तर दिलं, ‘तक्ता मिळाला.’ मेलच्या एका अर्ध्याला उत्तर आलं आणि दुसऱ्याला आलं नाही. यापेक्षा स्पष्ट बोलणं तिला परवडत नव्हतं. २८ तारीख पुढ्यात होती.

या तीन आठवड्यांचा हिशेब असा: एकूण २७ मेल, त्याचे १९, तिचे आठ. नवे विषय अकरा, त्यातले दहा त्याचे. तिनं काढलेला एकमेव विषय फाइलचा. त्याच्या मेलची सरासरी १४० शब्दांवर गेली, सर्वांत लांब मेल ३१० शब्दांचा. तिची सरासरी १२ वर आली. तिच्याकडून प्रश्न दोनच, आणि दोन्ही ‘कधी’चे: शीट कधी, बैठक कधी.

त्याच्या डोक्यात मात्र वेगळाच आकडा होता: ‘आठ आठवड्यांत ५१ मेल झाले, आणि एकाही आठवड्यात तिनं उत्तर द्यायचं थांबवलेलं नाही.’ दोन्ही विधानं जवळजवळ खरी आहेत. एकूण बेरजेत घसरण लपते, एवढीच त्यांची खोट. सतराव्या ओळीसारखीच.

तो इतका वाहवत का गेला

मूर्खपणा म्हणून हे निकालात काढणं सोपं आहे, पण त्यानं काही कळत नाही. संवादशास्त्राचे अभ्यासक जोसेफ वॉल्थर यांनी १९९६ मध्ये मांडलं की, केवळ लिखित संवादातून वाटणारी जवळीक कधीकधी प्रत्यक्ष भेटीतल्या जवळिकीपेक्षाही दाट होते. लिहिणारा आपली निवडक बाजू दाखवतो. त्याला खाडाखोड करायला वेळ असतो. वाचणारा उरलेल्या जागा स्वतःच्या कल्पनेनं भरतो, आणि तसं भरलेल्या चित्राला उत्तर देतो, त्यामुळे ते चित्र आणखी ठळक होतं. आपल्या प्रकरणात तो तिला महिन्यातून एकदा बघत होता आणि आठवड्यातून दोन-तीनदा वाचत होता. भरायला जागा भरपूर होती.

त्यात सूर पोचण्याचा प्रश्न. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधानं सांगायला दिली होती, काहींनी आवाजातून, काहींनी ईमेलमधून. आपला सूर किती वेळा बरोबर ओळखला जाईल, या प्रश्नाला पाठवणाऱ्यांचा अंदाज दोन्ही माध्यमांत साधारण ७८ टक्के होता. आवाजातून प्रत्यक्षात ७३ टक्के वेळा ओळखला गेला, ईमेलमधून ५६ टक्के वेळा. नाणं उडवलं असतं तरी ५० टक्के आले असते. म्हणजे त्याची हळुवार थट्टा तिला हळुवार वाटत होती का, हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि तिचं ‘पाणी मारल्याबद्दल आभार’ किती जिव्हाळ्याचं होतं, हेही नाही.

तिसरा धागा अँटोनिया अ‍ॅबी यांच्या १९८२ च्या अभ्यासाचा. एक स्त्री आणि एक पुरुष पाच मिनिटं बोलतात आणि त्यांच्या वागण्यावर त्या दोघांचं व बघणाऱ्यांचं मत घेतलं जातं. पुरुषांनी स्त्रीच्या मोकळेपणात लैंगिक रस जास्त वाचला, स्त्रियांनी कमी. वाचणारा आणि वाचली जाणारी व्यक्ती यांत उलटसुलट होऊ शकते, पण पारडं कुठे झुकतं ते माहीत असलेलं बरं.

ऑफिसचा मेल : माध्यमाच्या खोडी

सातव्या आठवड्यात आणखी एक गोष्ट घडली, ती त्याला कधी कळलीच नाही. तिच्या वरिष्ठांनी वाहतूक खर्चाची फाइल मागितली. ती फाइल ज्या मेलमध्ये होती, त्याच्या खाली मांजर, डोंगर, निळा रंग सगळं शेपटीसारखं लटकत होतं. तिनं फाइल उतरवून घेतली, नवा मेल उघडला, नवा विषय टाकला आणि मग पाठवली. त्यानंतर तिनं त्याला लिहिलेल्या प्रत्येक मेलला विषयही नवा असायचा: ‘वाहतूक खर्च, फक्त फाइल’. आपल्या गप्पांची साखळी का तुटते, याचं त्याला थोडं वाईट वाटलं. साखळीतला मजकूर उद्या कुणापुढे उघडा पडेल, ही धास्ती तिच्या वाट्याला होती.

काम आणि गप्पा एकाच मेलमध्ये मिसळण्याचा तोटा हाच. मिसळलेला मेल पुढे पाठवता येत नाही, शोधताना लाज आणतो, आणि उत्तर न देण्याची सोय काढून घेतो. ‘तक्ता जोडलाय’ असं लिहिलं की तिला उत्तर द्यावंच लागतं.

बाकी खोडी पटापट सांगतो. स्क्रीन दाखवत असताना कोपऱ्यात मेलची सूचना उघडते आणि पहिल्या दोन ओळी बैठकीतल्या सगळ्यांना दिसतात. नावाची दोन अक्षरं टाइप केली की यंत्र उरलेलं नाव सुचवतं, आणि ते कधी भलतंच असतं. जीमेलमध्ये पाठवलेला मेल थांबवायला जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात, आणि ते सेटिंगमध्ये आधी निवडून ठेवलेले असतील तरच. आउटलुकचा मेल परत बोलावण्याची सोय फक्त आपल्याच संस्थेतल्या पत्त्यांना चालते; बाहेर गेलेला मेल गेला. मेल वाचला की पोच मागणारी खूण गप्पांच्या मेलला कधीही लावू नये, ती पाळत वाटते. आणि ऑफिसच्या मेलखाली आपोआप चिकटणारी हुद्द्याची सही ‘तुझी आठवण आली’च्या खाली कशी दिसते, ते एकदा डोळ्यांसमोर आणावं.

पुसलेला मेल पुसलेला नसतो, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणीच मनावर घेत नाही. मॅकडॉनल्ड्सचे प्रमुख स्टीव्ह ईस्टरब्रुक यांना नोव्हेंबर २०१९ मध्ये एका कर्मचाऱ्याशी असलेल्या संमतीच्या संबंधांवरून पद सोडावं लागलं. त्या वेळी त्यांचा फोन तपासला गेला होता. पुढच्या वर्षी कंपनीनं सर्व्हर तपासला, तेव्हा फोनमध्ये न सापडलेलं बरंच काही त्यांच्या कंपनीच्या खात्यावरून गेलेल्या मेलमध्ये जसंच्या तसं सापडलं, आणि प्रकरण न्यायालयात गेलं. आपला ‘तो’ कुणी बडा अधिकारी नाही. पण सर्व्हर हुद्दा बघून साठवत नाही.

न पाठवलेला मेल

नवव्या आठवड्याच्या सुरुवातीला त्यानं ४२० शब्दांचा मसुदा लिहिला. त्यातलं एक वाक्य: ‘तुझ्या मेलची वाट बघणं हाच माझ्या दिवसातला एकमेव चांगला भाग झाला आहे.’

लिहिणाऱ्याला हे वाक्य कौतुकाचं वाटतं. वाचणारीला त्यातून एक जबाबदारी मिळते, आणि ती तिनं मागितलेली नसते. आता मेल आला नाही तर याचा दिवस वाईट जाणार, आणि तो तिच्यामुळे जाणार. शिवाय शीट याच्याच हातात आहे. मसुद्यात ‘कधीपासून’, ‘किती’, ‘रात्री झोपताना’ असे शब्द होते. ‘नको असेल तर’ हे शब्द कुठेच नव्हते.

अशा पत्राचं काय होऊ शकतं, याचा दाखला अमेरिकेत आहे. महसूल खात्यातल्या एका कर्मचाऱ्यानं १९८६ मध्ये सहकारी स्त्रीला आधी एक चिठ्ठी दिली. ती प्रशिक्षणासाठी दुसऱ्या शहरात असताना तीन पानी दाट टंकलिखित पत्र पाठवलं. पत्रात शिवी नाही, धमकी नाही. खालच्या न्यायालयाला ते किरकोळ वाटलं. १९९१ मध्ये नवव्या विभागाच्या अपील न्यायालयानं ‘एलिसन विरुद्ध ब्रॅडी’ खटल्यात ते मत फिरवलं. त्याच जागी असलेल्या समंजस स्त्रीला ते कसं वाटेल, या नजरेतून बघा, असं न्यायालय म्हणालं. आणि त्रास देण्याचा हेतू नव्हता म्हणून त्रास झालाच नाही, असं ठरत नाही. ‘मी तर चांगलंच लिहिलं होतं’ ही बाजू तेव्हाही मांडून झालेली आहे.

त्यानं मसुदा पाठवला नाही. एका जवळच्या मित्राच्या सांगण्यावरून वर दिलेली मोजणी केली, आणि ती बघून दहा दिवस कामाशिवाय एकही मेल लिहिला नाही. काम मात्र चोख केलं. शीट २८ ला सकाळीच गेली. रुसून काम लांबवलं असतं, तर आपलं खरं रूप तिला फुकटात दिसलं असतं.

आठव्या दिवशी

शांततेच्या आठव्या दिवशी तिचा मेल आला: ‘या महिन्यात सतरावी ओळ शुद्धीवर आहे. तब्येत जपलेली दिसते.’

आता हा मेल कसा वाचायचा? त्यानं तो हिरवा कंदील म्हणून वाचला. आमचं वाचन जरा थंड आहे. पहिल्या पाच आठवड्यांतली थट्टा तिला आवडत होती, मापात आली तर ती परत आवडेल, एवढंच हा मेल सांगतो. प्रेमाबद्दल तो गप्प आहे. मात्र हा मेल तिला करावा लागलेला नव्हता. शीट मिळाली होती, हिशेब बंद होत आले होते, उत्तर देण्याची कसलीही सक्ती नव्हती. सक्तीतून आलेल्या वीस उत्तरांपेक्षा असा एक मेल जास्त बोलतो.

मग विचारावं का? आमच्या मते या टप्प्यावर एकदा विचारायला हरकत नव्हती. आणि त्यानं विचारलं नसतं, तरी काही बिघडलं नसतं. ती त्याच्या हाताखाली असती, नव्यानं रुजू होऊन अजून कायम व्हायची असती, त्याच्या शेऱ्यावर तिची बढती अवलंबून असती, किंवा तिनं आपल्या जोडीदाराचा एकदाही उल्लेख केला असता, तर आमचं उत्तर सरळ ‘नाही’ असतं. तिथे चांगल्या मेलची कोणतीही संख्या पुरी पडत नाही.

विचारण्याचा मेल

विचारायचं कसं, यावर मतभेद आहेत. समोर जाऊन विचारणं धीटपणाचं वाटतं, पण उत्तर तिथल्या तिथे, तोंडावर, चेहरा सांभाळत द्यावं लागतं. लिहून विचारलं की समोरच्याला विचार करायला आणि शब्द निवडायला सवड मिळते. या दोघांची सगळी ओळखच लिखाणातली, म्हणून लिहिणं योग्य. तिचा खासगी नंबर तिनं दिलेला नव्हता. तो कंपनीच्या आणीबाणीच्या यादीत होता, म्हणजे त्याला वापरण्यासाठी नव्हता. मित्राकरवी विचारणं हा सर्वांत वाईट मार्ग. नकार मग तिघांत पसरतो.

वेळ त्यानं विचारपूर्वक निवडली: महिना बंद झाल्यानंतरचा बुधवार, दुपारी तीन. तिला त्याच्याकडून पुढचे तीन आठवडे काहीही नको होतं. शुक्रवारी संध्याकाळी पाठवलं असतं, तर तिच्या दोन सुट्ट्या त्या मेलनं खाल्ल्या असत्या. विषयाच्या जागी ‘कामाचं नाही’. मजकूर ३४ शब्दांचा:

‘कामाबाहेर एकदा कॉफीला भेटायला मला आवडेल. यात मैत्रीपलीकडचा विचार आहे, म्हणून आडून न विचारता सरळ विचारतोय. नको असेल तर “नको” एवढं पुरे. उत्तर नाही दिलंत तरी मी समजेन. महिनाअखेरची शीट नेहमीसारखी २८ तारखेला येईल.’

‘दिलंत’. तो ‘तुम्ही’वर परत आला आहे, तिनं आखलेली रेघ त्यानं बघितली, हे एका प्रत्ययात कळतं. दुसरं वाक्य सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत उपयोगी. ते नसतं तर तिला ही भेट कसली, याचा अंदाज बांधत बसावं लागलं असतं, आणि नाही म्हटलं तर ‘मी फक्त कॉफीच म्हणत होतो’ अशी पळवाट त्याच्याकडे राहिली असती. तिसऱ्या वाक्यानं नकाराची किंमत एका शब्दावर आणली, चौथ्यानं शून्यावर. शेवटचं वाक्य रुक्ष आहे, आणि मुद्दाम आहे: उत्तर काहीही असो, तुमचे हिशेब अडणार नाहीत.

नकार देणं किती जड जातं, हे विचारणाऱ्याला कळत नाही. व्हेनेसा बोन्स आणि लॉरेन डीव्हिन्सेंट यांच्या २०१८ च्या संशोधनाचा सूर हाच होता. ज्यांना विचारलं गेलं त्यांना ‘नाही’ म्हणणं जितकं अवघड गेलं, तितकं ते गेलं असेल याची विचारणाऱ्यांना कल्पना नव्हती. आणि नंतर त्यांना आपलं वागणं किती बदलावं लागलं, याचीही नव्हती. म्हणून ‘नाही’ची वाट आधीच झाडून ठेवायची.

उत्तर

शुक्रवारी सकाळी आलं: ‘सरळ विचारलंत ते बरं वाटलं. सध्या जरा गडबड चालू आहे. बघू पुढे कधी.’

मराठीत ‘बघू’ या शब्दात पंचवीस अर्थ आहेत, आणि प्रेमात पडलेल्या माणसाला नेमका पंचविसावा दिसतो. इथे बघायची गोष्ट एकच: पर्याय दिला आहे का? ‘या आठवड्यात नाही, पुढच्या मंगळवारी चालेल?’ असं असतं, तर गडबड खरी होती. पर्याय नाही, तर उत्तर ‘नको’. गूगल आणि फेसबुकनं सहकाऱ्याला फक्त एकदा विचारण्याची मुभा ठेवली आहे आणि फेसबुकमध्ये ‘मी कामात आहे’, ‘त्या दिवशी जमणार नाही’ अशी गोलमोल उत्तरंही नकारच धरायची आहेत, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. कुणाला ते हास्यास्पद वाटेल. आम्हाला तो नियम दयाळू वाटतो. तो दोघांनाही अंदाजातून सोडवतो.

पुढे तिचं मन बदललं तर? तिला त्याचा पत्ता माहीत आहे.

त्याचं उत्तर दोन शब्दांचं होतं: ‘कळलं. धन्यवाद.’

इथे हात बऱ्याचदा घसरतो. ‘मग पुढच्या महिन्यात?’ हा दुसरा प्रश्न झाला. ‘माझं काही चुकलं का?’ यात तिनं आता त्याची समजूत काढायची. ‘निदान मैत्री तरी राहील ना?’ हे सगळ्यांत गोड आणि सगळ्यांत चिकट. नकार दिल्याबद्दल तिच्याकडून काहीतरी वसूल केल्यासारखं. हसऱ्या चेहऱ्यांची रांगसुद्धा नको. ‘धन्यवाद’पाशी बोट उचलायचं.

होकार आला असता, तर कामं वेगळी होती. गप्पा त्याच दिवशी ऑफिसच्या मेलवरून हलवायच्या. गोष्ट पुढे सरकली, तर संबंध जाहीर करण्याबद्दल कंपनीचा नियम काय आहे तो वाचायचा. आणि एकाचे खर्च, रजा किंवा आकडे दुसऱ्याच्या सहीनं मंजूर होत असतील, तर ती सही दुसऱ्या कुणाकडे द्यायची. उत्तरच आलं नसतं, तर ते उत्तर धरून गप्प बसायचं; ‘मेल मिळाला का?’ हा मेल पाठवायचा नाही.

तिच्या बाजूनंही एक सोय होती, ती तिनं सातव्या आठवड्यात वापरली नाही: ‘गप्पा कामाच्या मेलमध्ये नकोत, प्लीज.’ एका ओळीत भागलं असतं. पण २८ तारीख जवळ असताना ती ओळ लिहिणं कुणाला जमेल, हाही प्रश्नच आहे. म्हणून हा भार आम्ही तिच्यावर टाकत नाही.

त्यानंतरचा महिना

दोन गोष्टींचा मोह त्याला झाला. एक, शीट नेहमीपेक्षा लवकर पाठवायची, म्हणजे मन दुखावलेलं नाही हे दिसेल. दुसरी, फाइलच्या नावात छोटीशी गंमत ठेवायची. त्यानं दोन्ही केल्या नाहीत. लवकर आलेली शीटसुद्धा एक निरोप असते, आणि निरोप थांबले आहेत असं त्यानंच ‘कळलं’ म्हणून कबूल केलं होतं. मासिक बैठकीत तो नेहमीच्या खुर्चीत बसला, वाहतूक खर्चावर तिनं विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिलं, आणि बैठक संपल्यावर इतरांबरोबर बाहेर पडला.

२८ तारखेला सकाळी अकरा वाजता मेल गेला: ‘या महिन्याची खर्चाची शीट जोडली आहे. वाहतुकीचे दोन आकडे तात्पुरते आहेत, पिवळ्या रंगात दाखवले आहेत.’

साडेअकराला उत्तर आलं: ‘मिळाली. पिवळे आकडे उद्या दुपारपर्यंत पक्के करून द्याल का? सतरावी ओळ ठीक.’

त्यानं पिवळे आकडे पक्के करून दुसऱ्या दिवशी बाराच्या आत पाठवले.